न कळकलेले दूध

मराठी स्वयंपाकघरात 'कळकणे' असे एक क्रियापद आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, चिंचेची आमटी किंवा आमसुलाचे सार राहिले की त्याला विचित्र तुरट चव येते, कधी हिरवट झाक दिसते. आजी चमचाभर चाखून म्हणायची, "कळकलंय, टाकून द्या." रसायनशास्त्राचा एकही धडा न शिकता हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या चालत आले. आंबट पदार्थ पितळेतले तांबे ओढून घेतो, तो पोटात जाऊ द्यायचा नाही, एवढे घराघरात ठाऊक होते.

दूध मात्र कळकलेले दिसत नाही. ते आंबट नसते, पांढरे असते, हिरवे होत नाही. म्हणून दुधाचे पातेले या नियमातून सुटले. तापवायला पितळी, ठेवायला पितळी, आणि बाळाला पाजायचे तेही त्यातलेच. या सुटलेल्या एका पदार्थामुळे आपल्याकडची कितीतरी लहान मुले यकृताच्या आजाराने गेली. तो आजार ओळखण्याच्या आणि थांबवण्याच्या कामात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. ही गोष्ट आता विस्मरणात जात चालली आहे, आणि विसरण्याची वेळ नेमकी चुकीची आहे.

चुकीची अशासाठी, की पितळ परत आले आहे. इथे कुवेतच्या दक्षिण टोकाला, वफ्राला, तेलक्षेत्र आणि शेती या दोन कारणांनी आलेली माणसे राहतात. भारतातून सुट्टी संपवून येणाऱ्यांच्या सामानात पूर्वी लोणचे आणि भाजणी असायची. आता त्यात पितळी पातेली आणि तांब्याच्या बाटल्याही असतात. स्टील आणि नॉनस्टिक नको, आजीच्या काळचे हवे, ही भावना समजण्यासारखी आहे. परदेशात ती जास्तच तीव्र होते. पण आजीच्या भांड्याबरोबर आजीचा कल्हईवाला येत नाही. त्यामुळे हा इतिहास नव्या आईवडिलांना माहीत असलेला बरा.

पोट मोठे, हातपाय बारीक

वैद्यकीय नोंदींत या आजाराचे पहिले वर्णन १८८७ साली कलकत्त्याहून आले. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' म्हणजे भारतीय बालकांचा यकृत-काठिण्य रोग असे नाव पडले. घरात मात्र एवढेच म्हणत, "मुलाला लिव्हर झालंय."

मूल साधारण एक ते तीन वर्षांचे असायचे. आधी चिडचिड, भूक नाही, बारीक ताप. मग पोट फुगू लागे. डॉक्टरांनी पोट चाचपले की यकृत दगडासारखे घट्ट आणि त्याची कड पानासारखी पातळ, धारदार लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, हातापायाच्या काड्या. त्यानंतर बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की एकाच घरात एकामागून एक दोन-तीन मुले याच आजाराने जात.

घरात अशी मुले गेली की दोष कुणाच्या वाट्याला येणार हे सांगायला नको. आईचे दूध वाईट आहे, आईचा पायगुण वाईट आहे. काही ठिकाणी याच भीतीने आईचे दूध लवकर तोडून गाईचे किंवा म्हशीचे दूध सुरू केले जाई. पुढे जे कळले ते लक्षात घेता, वाचवण्यासाठी केलेला हा उपाय किती उलटा पडला असेल याची कल्पना करवत नाही. मद्रासच्या जम्मी वैद्यांचे 'लिव्हर क्युअर' देशभर प्रसिद्ध होते. ते मागवणाऱ्या घरांची संख्या पाहिली तरी या आजाराचा धाक कळतो.

डॉक्टरांनाही कोडे उलगडत नव्हते. आजार जवळजवळ फक्त भारतात दिसे. त्यातही हिंदू मध्यमवर्गीय घरांत जास्त, आणि भावंडांत पुनःपुन्हा. कुणी विषाणू म्हणे, कुणी बुरशीचे विष, कुणी कुपोषण. भावंडांमुळे 'हे आनुवंशिकच असणार' हे मत बळावत गेले. आनुवंशिक म्हटले की त्या काळी पुढे करण्यासारखे काही उरत नसे.

जो अवयव पुन्हा वाढतो

या आजाराचे दुःख आणखी एका कारणाने गडद होते. शरीरातल्या सगळ्या मोठ्या अवयवांत यकृत हा असा एक अवयव आहे, की त्याचा मोठा भाग गेला तरी तो भरून येतो. ग्रीक कथेत प्रॉमिथिअसचे यकृत गरुड रोज खातो आणि ते रोज पुन्हा वाढते. कथेला आधार देणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९३१ साली झाला. अमेरिकेतील हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून टाकला. आठवडा-दहा दिवसांत उरलेल्या भागाने वाढून जवळपास पूर्वीचे वजन गाठले. आज वडील आपल्या यकृताचा तुकडा मुलाला देतात आणि दोघेही जगतात, त्यामागे हाच गुण आहे.

हे कसे घडते? यकृताच्या पेशी एरवी शांत असतात, क्वचितच विभागतात. त्यांत शरीरातली सगळी जनुके असतात, पण बरीचशी गप्प असतात. यकृताचा तुकडा गेला की काही मिनिटांत ठरावीक जनुके चालू होतात, ती आणखी जनुकांना जागे करतात, आणि उंदरात साधारण २४ तासांत पेशी आपल्या डीएनएची नक्कल करू लागतात. कुठले जनुक कधी आणि किती बोलते याला शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. जनुक सगळ्यांकडे असते. ते कधी चालू होते यावर यकृत वाढणार की नाही हे ठरते.

नव्या पेशीला भोवती आवरण लागते आणि त्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागते. आपण कोलेस्टेरॉलचे नाव फक्त रक्ततपासणीच्या कागदावर धास्तीने वाचतो, पण त्याच्याशिवाय एकही पेशी उभी राहत नाही. ते बनवण्याचे मोठे ठिकाण यकृत. ते किती बनवायचे, रक्तातून किती उचलायचे, पित्तावाटे किती बाहेर टाकायचे, हा सगळा हिशोब यकृताच्या पेशीत जनुके चालू-बंद होऊन सांभाळला जातो. या हिशोबाची किल्ली शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पुरस्कार मिळाला. यकृताची वाढ आणि कोलेस्टेरॉलचा हिशोब ही एकाच घरातली दोन कामे आहेत.

आता त्या आजारी मुलांच्या यकृताकडे परत येऊ. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पेशी सुजून फुगलेल्या दिसत. आत मोडलेल्या तंतूंचे गोळे दिसत, आणि एकेका पेशीभोवती कठीण धाग्यांचे जाळे. इतर प्रकारच्या सिऱ्होसिसमध्ये जळालेल्या रानात कोंब फुटावेत तशा नव्या पेशींच्या गाठी दिसतात. इथे त्या फारच कमी असत. जो अवयव उंदरात दहा दिवसांत भरून येतो, तो या बाळांत वाढायचा जणू विसरलेला असे. कशामुळे?

तपकिरी ठिपके

उत्तराचा पहिला धागा रंगातून मिळाला. ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने यकृतातला तांबे धरून ठेवणारा प्रथिनसाठा गडद तपकिरी दिसतो. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी भारतीय मुलांच्या यकृताच्या काचपट्ट्यांवर हा रंग वापरला, आणि पेशी ठिपक्यांनी भरून गेलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी हान्स पॉपर आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी पेशीतल्या तांब्याच्या विषारी परिणामांवर लिहिले.

मोजमापही तसेच निघाले. निरोगी यकृतात वाळलेल्या ऊतीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते शेकड्यांत, कित्येकदा हजाराच्या वर होते. म्हणजे यकृत तांब्याने भरून गेले होते. पण हे तांबे आतल्या दोषाने साचले होते, की बाहेरून आले होते?

रास्ता पेठेतला प्रश्न

पुण्याच्या रास्ता पेठेतले केईएम रुग्णालय मुंबईच्या केईएमपेक्षा निराळे. बानू कोयाजी यांच्यामुळे ते आसपासच्या खेड्यांशी जोडले गेलेले. तिथले बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे यांच्याकडे जिल्ह्यातून आणि बाहेरून अशी मुले येत. इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर काम करू लागले. या गटाने जो प्रश्न विचारला त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या आयांना त्यांनी विचारले: बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले, आणि ते कशात तापवता, कशात ठेवता?

उत्तर १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आजारी मुलांना जनावराचे दूध लवकर, कित्येकांना अगदी पहिल्या महिन्यांत सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवलेले किंवा ठेवलेले असे. निरोगी मुलांच्या घरी हे चित्र बरेच कमी दिसले. लेखकांनी सावधपणे 'संभाव्य कारण' असाच शब्द वापरला. पुढच्या काही वर्षांत जास्त मुलांची तुलना करून त्यांनी तेच पुन्हा तपासले.

मग दुधाचाच तपास झाला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गाई-म्हशीच्या दुधात मुळात तांबे फार थोडे असते. पण दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते. त्यामुळे आंबटपणा नसतानाही दूध पितळेतून तांबे ओढून घेत राहते, आणि तापवले व तासन् तास तसेच ठेवले की ते प्रमाण अनेक पटींनी वाढते. दिसायला ते दूध आधीइतकेच पांढरे असते. चिंच आपली चुगली करते, दूध करत नाही.

आणि बाळच का? नवजात बाळाच्या यकृतात तांबे मुळातच जास्त असते. पोटात असताना आईकडून मिळालेला हा साठा. यकृत एका खास प्रथिनाचे जनुक जोरात चालवून ते तांबे सुरक्षित बांधून ठेवते. शरीरातले जादा तांबे बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे पित्त. आणि पहिल्या महिन्यांत पित्ताची ती वाट पुरती तयार झालेली नसते. मोठ्या माणसाचे यकृत कळकलेले सार दोनदा खाल्ले तरी निस्तरते. बाळाचे यकृत रोज, दिवसातून पाच-सहा वेळा येणारे तांबे बाहेर काढू शकत नाही.

आता जुनी कोडी आपोआप सुटू लागली. हिंदू मध्यमवर्गीय घरांतच जास्त का? कारण पितळेची भांडी असणे हे बरे चाललेल्या घराचे लक्षण होते. लग्नात मुलीला पातेली, तपेली, घागरी दिल्या जात. पुण्याच्या तांबट आळीत त्या ठोकल्या जात. गरिबाच्या घरी जर्मनचे पातेले किंवा मडके असे. मुसलमान घरांत तांब्याची भांडी असत, पण कल्हई करून घेण्याची रीत पक्की होती. आणि भावंडांत का? भावंडांना आई एक असते, तसेच दुधाचे पातेलेही एकच असते.

कल्हईचा थर

कल्हई म्हणजे कथिलाचा थर. कल्हईवाला दारात येई, खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आत फिरवी. पांढरा धूर, जळका वास आणि चांदीसारखे चमकणारे भांडे, हे ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. तो थर असेपर्यंत दूध तांब्याला शिवत नाही.

पण थर झिजतो. राखेने घासले, चिंचेने चकचकीत केले की आणखी लवकर झिजतो. कल्हई उडाली की आमटी लगेच सांगते. दुधाच्या भांड्यात कल्हई नसली तरी कुणाला कळत नाही. म्हणून आंबटासाठीची भांडी कल्हईला नेमाने जात आणि दुधाचे पातेले मागे राही. पैसे वाचवायचे झाले तर पहिले तेच वगळले जाई. परंपरेत शहाणपण होते, पण ते जिभेला कळणाऱ्या धोक्यापुरते होते.

मग सगळ्यांनाच का नाही झाले?

ही शंका रास्त आहे आणि ती त्या वेळीही घेतली गेली. लाखो मुले पितळेतले दूध प्यायली आणि धडधाकट वाढली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील त्यांतलेच. उत्तर भारतातील काही डॉक्टरांनी पितळेचा इतिहास नसलेले रुग्णही दाखवले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील तीन गावांत पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच असूनही तिथल्या लहान मुलांत असे मृत्यू आढळले नाहीत, हे १९९४ साली छापून आले.

उत्तर थेट आल्प्स पर्वतातून मिळाले. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे हुबेहूब अशाच यकृतरोगाने गेल्याचे थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले. तिथेही गाईचे दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. पण घराण्यांच्या वंशावळी मांडल्यावर दिसले, की आजार ठरावीक घराण्यांत, आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेल्या मुलांत होत होता. जनुक होते, पण तांबे मिळाल्याशिवाय ते आजार घडवत नव्हते. तांबे होते, पण जनुकाशिवाय ते बहुतेकांना पचत होते. आजार होण्यासाठी दोन्हींची गाठ पडावी लागे. त्यामुळे 'आनुवंशिक की भांड्याचे' हा जुना वादच चुकीचा मांडला गेला होता. जनुक बदलता येत नाही, पातेले बदलता येते.

तांबे बाहेर टाकणारे एटीपी७बी हे जनुक १९९३ साली सापडले. त्यात दोष असला की विल्सन रोग होतो. तो वेगळा आजार. तरी तांबे पेशीला कसे बिघडवते हे समजायला त्याचा उपयोग झाला. हे जनुक बंद पाडलेल्या उंदरांच्या यकृतातली हजारो जनुके एकाच वेळी तपासून डोमिनिक हुस्टर, स्वेतलाना लुत्सेंको आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक चकित करणारी गोष्ट मांडली. तांबे साचू लागल्यावर, यकृत अजून वरवर ठीक दिसत असतानाच, सगळी जनुके सरसकट बिघडत नाहीत. मुख्यतः दोन गट हलतात. कोलेस्टेरॉल बनवणारी जनुके मंदावतात आणि पेशींच्या विभाजनाशी संबंधित जनुके अवेळी जोरात चालू होतात.

वर म्हटलेली ती दोन कामे आठवा. तांबे नेमके त्याच दोन ठिकाणी हात घालते. हा उंदरांचा आणि वेगळ्या रोगाचा अभ्यास आहे, पुण्याच्या मुलांचा नव्हे. पण धातूचे विष म्हणजे पेशीला भाजून काढणे अशी आपली समजूत असते, तिला तो छेद देतो. आजार डोळ्यांना दिसण्याआधीच पेशीने काय करायचे याची आज्ञा बदललेली असते.

ओसरलेला आजार

पुण्याच्या गटाने उपचाराचाही प्रयत्न केला. पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढते. एरवी जवळजवळ सगळी मुले दगावत. ज्यांना हे औषध लवकर मिळाले त्यांतली काही वाचू लागली. उशिरा, कावीळ आणि पाणी झाल्यावर आलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही. वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. औषध थांबवूनही ही मुले चांगली राहिली होती, आणि काहींच्या यकृताचे तुकडे वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा ते जवळजवळ निरोगी यकृतासारखे दिसत होते. तांब्याचे ओझे उतरले आणि वाढायचे विसरलेले ते यकृत पुन्हा वाढू शकले.

पण औषधापेक्षा मोठे काम भांड्यांनी केले. बाळाला आईचे दूध जास्त दिवस द्या आणि वरचे दूध पितळेत ठेवू नका, एवढाच सल्ला होता. त्याच काळात स्टेनलेस स्टील स्वस्त होत होते. बोहारीण जुन्या साड्या घेऊन दारात स्टीलची पातेली देत होती, आणि घराघरातले पितळ मोडीत जात होते. ती आपला धंदा करत होती. तिच्यामुळे कुठल्या मुलाचे यकृत वाचले हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. नव्वदच्या दशकात हा आजार दुर्मीळ झाला. आज भारतात शिकणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तो बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो.

इथले सफ्फार

आखातातही तांब्या-पितळेचा जुना संसार होता. तेल सापडण्याआधी कुवेतची जहाजे मुंबईशी व्यापार करत, इथे १९६१पर्यंत चलनात रुपया होता, आणि भांडी घडवणाऱ्यांना सफ्फार म्हणत; कुवेत शहरात त्यांच्या नावाचा बाजार आहे. कॉफीचा पितळी 'दल्ला' आजही दिवाणखान्याची शोभा आहे. पण भांड्याच्या आत कथिलाचा थर देणे हा सफ्फाराच्या कामाचाच भाग होता. म्हणजे आपला कल्हईवाला आणि इथला सफ्फार एकच गोष्ट जाणून होते: तांबे सुंदर आहे, पण ते अन्नाला थेट लागू द्यायचे नाही.

आज वफ्रात काय, दुबईत काय किंवा न्यू जर्सीत काय, कल्हई करून देणारा माणूस सहज सापडत नाही. शोभेसाठी बनवलेल्या भांड्यांत अनेकदा आत थरच नसतो. हिवाळ्यात इथल्या शेतांवर सहलीला गेलेली मंडळी ताजे दूध घेऊन येतात, घरात बाळ असते, आणि नव्या पितळी पातेल्यात दूध तापवण्याचा मोह होतो. विकणाऱ्याने डब्यावर 'आरोग्यदायी' असे लिहिलेले असते.

म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. मोठ्या माणसांच्या जेवणात अधूनमधून पितळी भांडे वापरले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल बोलायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम धरली आहे. साधे पाणी आणि स्वच्छ भांडे असेल तर मोठ्यांच्या बाबतीत चिंता कमी. पण लिंबू पिळलेले पाणी, ताक आणि फळांचा रस त्यात ठेवू नये. आणि तान्ह्या बाळाचे काहीही, गाईचे दूध असो, पावडरचे दूध असो की ते कालवायचे पाणी असो, तांब्या-पितळेत तापवू नये आणि ठेवूही नये. त्यासाठी स्टील किंवा काच. जनुक कुणाच्या बाळात आहे हे पाहून कळत नाही.

पितळी भांडी घरात असूच नयेत असे माझे म्हणणे नाही. पणतीचे पितळ, देवाच्या उपकरणांचे पितळ, पुरणाचे पातेले, यांत आपल्या आयांचे हात आहेत. पण त्या हातांना काय माहीत होते आणि काय माहीत होऊ शकत नव्हते, हेही भांड्याबरोबर पुढे गेले पाहिजे. पायगुणाचा ठपका घेऊन ज्या बायका जगल्या, त्यांचा दोष नव्हता. दुधात उतरणारे तांबे डोळ्यांना दिसत नव्हते. रास्ता पेठेत कुणीतरी त्यांना शांतपणे विचारले, "बाई, दूध कशात तापवता?" आणि त्यांनी खरे सांगितले. पुढचा सगळा शोध त्या उत्तरावर उभा आहे.